खेळाचे प्रयोजन आणि प्रवेशाचे शुल्क

दूरचित्रवाणी संचाला जोडून खेळायचे यंत्र, म्हणजे गेमिंग कन्सोल, विकत घेतले, त्यावरचा खेळ वेगळे पैसे देऊन घेतला, इंटरनेटचे देयकही भरले, तरी दुसऱ्या घरातील मित्राबरोबर तोच खेळ खेळण्यासाठी कन्सोल बनवणाऱ्या कंपनीला दरमहा किंवा दरवर्षी आणखी एक शुल्क बहुधा द्यावे लागते. हे शुल्क देणे योग्य आहे का, हा प्रश्न सहसा घरखर्चाच्या अंगाने विचारला जातो आणि दरपत्रकांची तुलना करून सोडवला जातो. तथापि एखादी रक्कम महाग की स्वस्त, हे ती कोणत्या प्रयोजनासाठी मोजली जाते यावर अवलंबून असते, आणि प्रयोजन ठरलेले नसेल तर कितीही काटेकोर हिशेब निर्णयापर्यंत पोहोचत नाही. म्हणून खेळ कशासाठी असतो, त्यात खेळणाऱ्याच्या मालकीचे काय असते आणि त्यातले विकण्याजोगे काय असते, या तीन प्रश्नांचा विचार आधी करावा लागतो. मीमांसाशास्त्रात एखाद्या मुद्द्याचा विचार विषय, संशय, पूर्वपक्ष आणि सिद्धान्त या क्रमाने करण्याची पद्धत आहे व अशा प्रत्येक विचाराला अधिकरण म्हणतात. त्यातील पूर्वपक्ष म्हणजे आपल्याला मान्य नसलेले मत त्याच्या पूर्ण बळानिशी मांडणे. येथे हाच क्रम उपयोगी आहे, कारण शुल्काच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे आणि ते हलके लेखून काढलेला निष्कर्ष टिकत नाही.

विषयाचे स्वरूप प्रथम पाहू. मायक्रोसॉफ्टने नोव्हेंबर 2002 मध्ये अमेरिकेत एक्सबॉक्स लाइव्ह ही सेवा सुरू केली आणि कन्सोलवरील ऑनलाइन खेळासाठी वार्षिक शुल्क घेण्याचा पायंडा तेथे पक्का झाला. सोनीचे प्लेस्टेशन नेटवर्क 2006 मध्ये प्लेस्टेशन 3 बरोबर आले तेव्हा त्यावर एकमेकांशी खेळणे विनामूल्य होते. जून 2010 मध्ये आलेली प्लेस्टेशन प्लस ही सशुल्क सेवा तेव्हा ऐच्छिक होती, पण नोव्हेंबर 2013 मध्ये प्लेस्टेशन 4 आल्यावर बहुतेक विकतच्या खेळांत इतरांशी ऑनलाइन खेळण्यासाठी तिचे सदस्यत्व आवश्यक झाले. निन्टेन्डोने स्विच हा कन्सोल मार्च 2017 मध्ये आणला आणि सप्टेंबर 2018 पासून ऑनलाइन खेळासाठी वर्षाला 19.99 डॉलर आकारण्यास सुरुवात केली. पुढे या सेवांना दुसरे अंग फुटले: ठरावीक शुल्कात शेकडो खेळांचा संग्रह सदस्यांना खुला करणारी गेम पास ही योजना मायक्रोसॉफ्टने जून 2017 मध्ये आणली आणि सोनीने जून 2022 मध्ये आपल्या सेवेचे स्तर पाडून वरच्या स्तरांत असाच संग्रह दिला. दरही चढत गेले. सप्टेंबर 2023 मध्ये प्लेस्टेशन प्लसच्या सर्वांत खालच्या स्तराचे अमेरिकेतील वार्षिक शुल्क 59.99 वरून 79.99 डॉलर झाले आणि ऑक्टोबर 2025 मध्ये गेम पासच्या सर्वांत वरच्या स्तराचे मासिक शुल्क 19.99 वरून 29.99 डॉलरवर गेले.

या इतिहासातून एक गोष्ट स्पष्ट होते की सदस्यत्व या एकाच नावाखाली दोन निराळ्या वस्तू विकल्या जातात. एक आहे संग्रह, म्हणजे स्वतः विकत न घेतलेले खेळ मुदतीपुरते खेळण्याची सोय. दुसरी आहे प्रवेश, म्हणजे स्वतःच्याच खेळात दुसऱ्या माणसाला भेटण्याची मुभा. संग्रहाचे मोल खेळांच्या संख्येवर व दर्जावर ठरते, प्रवेशाचे मोल पलीकडे कोण आहे यावर ठरते. दोन्हींचा विचार एकाच मापाने केला की गोंधळ होतो, आणि संशय नेमका येथे उत्पन्न होतो: माणसांच्या परस्पर भेटीसाठी तिऱ्हाइताने पैसे घ्यावेत का, आणि घेतल्यास ते देणे विवेकाला धरून आहे का?

पूर्वपक्ष असा. खेळाच्या जागेसाठी शुल्क घेणे ही नवी कल्पना नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात, तिसऱ्या अधिकरणाच्या (येथे अधिकरण म्हणजे ग्रंथाचा विभाग) अखेरीस, द्यूताचे नियमन सांगताना द्यूताध्यक्षाने म्हणजे जुगारावर देखरेख करणाऱ्या राजाधिकाऱ्याने जिंकलेल्या रकमेतून शेकडा पाच घ्यावेत आणि शिवाय कवड्या व फासे यांचे भाडे, पाण्याचे, जागेचे व खेळण्याच्या परवानगीचे शुल्क घ्यावे, अशी तरतूद आहे. खेळ एकाच ठिकाणी व्हावा, साधने खरी असावीत आणि हातचलाखी करणाऱ्यास दंड व्हावा, ही व्यवस्था कोणीतरी चालवावी लागते आणि चालवणाऱ्यास खर्च येतो, हे तत्त्व त्यात गृहीत आहे. आजच्या सेवेतही तुल्यबळ प्रतिस्पर्धी शोधून देणे, फसवणूक करणाऱ्यांना व शिवीगाळ करणाऱ्यांना बाहेर काढणे, खेळाची प्रगती दूरच्या सर्व्हरवर म्हणजे सामाईक संगणकावर जपणे आणि खात्यांची सुरक्षितता राखणे ही कामे असतात. एप्रिल 2011 मध्ये प्लेस्टेशन नेटवर्कवर घुसखोरी होऊन सुमारे 7 कोटी 70 लाख खात्यांची माहिती धोक्यात आली आणि सेवा तीन आठवड्यांहून अधिक काळ बंद राहिली, तेव्हा ही अदृश्य कामे किती महत्त्वाची आहेत हे सर्वांना दिसले. हिशेबही शुल्काच्या बाजूनेच बोलतो असे पूर्वपक्ष म्हणतो: वर्षाला 79.99 डॉलर म्हणजे दिवसाला सुमारे 22 सेंट, आणि वर्षात 300 तास खेळणाऱ्याला एक तास 27 सेंटना पडतो. इतक्या कमी दरात दुसरी करमणूक क्वचितच मिळते.

या शुल्कावर जुगाराचा कलंक लावता येत नाही, हेही पूर्वपक्षाच्या बाजूने मान्य केले पाहिजे. द्यूतात दिलेला पैसा पण म्हणून, म्हणजे जिंकण्याच्या आशेने डावावर लावलेला असतो. सदस्यत्वात तो पण नसून साधनाच्या वापराचे भाडे असते. भारतीय संसदेने ऑगस्ट 2025 मध्ये संमत केलेल्या ऑनलाइन गेमिंगविषयक कायद्यानेही हाच भेद धरला आहे. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर त्याने बंदी घातली, परंतु पण किंवा पैज यांच्या स्वरूपाचे नसलेले सदस्यत्व शुल्क घेणारे खेळ त्या बंदीबाहेर ठेवले. कौटिल्याने एकाच प्रकरणात सांगितलेली दोन उत्पन्ने, जिंकलेल्या रकमेतला वाटा आणि साधनांचे भाडे, आजच्या कायद्याने परस्परांपासून तोडून पहिले निषिद्ध व दुसरे अनुज्ञात ठरवले असे म्हणता येईल. तेव्हा शुल्क देणे पाप नाही, हे निर्विवाद आहे. परंतु निषिद्ध नसलेली प्रत्येक गोष्ट श्रेयस्कर असतेच असे नाही, आणि पुढचा विचार श्रेयाचा आहे.

उत्तरपक्षाचा, म्हणजे पूर्वपक्षाला उत्तर देणाऱ्या बाजूचा, पहिला आक्षेप खर्चाच्या युक्तिवादावर आहे. शुल्क हा केवळ चालवण्याच्या खर्चाचा मोबदला असेल, तर जेथे खर्च आहे तेथे शुल्क आणि जेथे खर्च नाही तेथे शुल्क नाही, असा नियम दिसायला हवा. तो दिसत नाही. नोव्हेंबर 2004 मध्ये आलेल्या हेलो 2 या गाजलेल्या खेळात सामन्याचे यजमानपद खेळणाऱ्यांपैकीच एकाच्या यंत्राकडे असे, म्हणजे सामना चालवण्याचा मुख्य भार सदस्यांची यंत्रे व त्यांची इंटरनेट जोडणी उचलत होती, तरी सदस्यत्व अनिवार्य होते. वैयक्तिक संगणकावर स्टीमसारख्या मंचावरून खेळणाऱ्यांना प्रतिस्पर्धी शोधण्याची सोय वेगळ्या मासिक शुल्काशिवाय मिळत आली आहे. एप्रिल 2021 मध्ये मायक्रोसॉफ्टने मूळचेच विनामूल्य असलेले खेळ सदस्यत्वाविना ऑनलाइन खेळू दिले. त्यामुळे असा विपर्यास उभा राहिला की ज्याने खेळासाठी काहीच दिले नाही त्याला प्रवेश मोकळा आणि ज्याने पूर्ण किंमत दिली त्याला मात्र बंद. यावरून शुल्काचा संबंध खर्चापेक्षा दारावरच्या ताब्याशी अधिक आहे असे अनुमान निघते.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. ऑनलाइन खेळात जे हवेसे असते, ते म्हणजे समोरच्या माणसाचे कौशल्य, त्याची अनपेक्षित चाल, त्याची सोबत. आणि ते सेवा देणारी कंपनी निर्माण करत नाही, खेळणारे परस्परांसाठी निर्माण करतात. प्रत्येक सदस्य इतरांना जे देतो त्याचेच प्रवेशमूल्य तो स्वतः भरतो. अशी सामाईक संपत्ती वर्गणीतून उभी राहते तेव्हा ती कशी चालवली जावी, याचा मराठी समाजाला जुना अनुभव आहे: ठाण्यात 1893 मध्ये आणि मुंबईत 1898 मध्ये स्थापन झालेल्या मराठी ग्रंथसंग्रहालयांसारख्या संस्थांत वर्गणी भरणारा वाचक हा सभासद असतो, तो कार्यकारी मंडळ निवडतो, हिशेब मागतो आणि वर्गणी वाढवण्याच्या ठरावावर बोलू शकतो. कन्सोलच्या सेवेतील सदस्याला यांपैकी कोणताच अधिकार नाही. जानेवारी 2021 मध्ये मायक्रोसॉफ्टने जाहीर केलेली मोठी दरवाढ सदस्यांच्या संतापामुळे त्याच दिवशी मागे घेतली गेली हे खरे, पण तो ग्राहकांच्या नाराजीचा परिणाम होता, सभासदांच्या अधिकाराचा नव्हे. शुल्काचे समर्थन वर्गणी म्हणून करायचे असेल, तर वर्गणीबरोबर येणारे उत्तरदायित्वही स्वीकारले पाहिजे. ते नसेल तर शुल्काला भाडे समजावे आणि त्याचे मोजमाप भाड्याच्याच निकषाने करावे.

येथून मालकीचा प्रश्न उभा राहतो, आणि तो भारतीय परंपरेत फार बारकाईने चर्चिला गेला आहे. एखादी वस्तू आपली असणे, म्हणजे स्वत्व, हे शास्त्रावरून कळते की लोकव्यवहारावरून, यावर धर्मशास्त्रकारांत वाद होता आणि मिताक्षरेचा कर्ता विज्ञानेश्वर याने स्वत्व लौकिक आहे असा पक्ष घेतला. ज्या वस्तूचा यथेष्ट विनियोग करता येतो, म्हणजे जी इच्छेनुसार वापरता, देता किंवा टाकता येते, ती आपली, अशी स्वत्वाची एक व्याख्या रूढ होती. नव्यन्याय या तर्कशास्त्राच्या शाखेचा प्रकांड पंडित रघुनाथ शिरोमणी याला ही व्याख्या अपुरी वाटली, कारण इच्छेनुसार वापरण्याची योग्यता स्पष्ट करताना आधी स्वत्वच गृहीत धरावे लागते. म्हणून त्याने स्वत्व हा अन्य कशातही न मावणारा स्वतंत्र पदार्थ, म्हणजे अस्तित्वाचा एक मूलभूत प्रकार, मानला. कोणतीही व्याख्या घेतली तरी सदस्यत्वातून मिळालेल्या खेळावर खेळणाऱ्याचे स्वत्व उत्पन्न होत नाही. तो खेळ देता येत नाही, मागे ठेवता येत नाही आणि शुल्क थांबताच उघडताही येत नाही.

तथापि येथे न्यायाने एक गोष्ट सांगितली पाहिजे. विकत घेतलेल्या खेळावरचे स्वत्वही आज पूर्वीइतके निःशंक राहिलेले नाही. युबिसॉफ्टचा द क्रू हा 2014 सालचा खेळ संपूर्णपणे सर्व्हरवर अवलंबून होता, आणि 31 मार्च 2024 रोजी ते सर्व्हर बंद होताच ज्यांनी तो पूर्ण किंमत देऊन घेतला होता त्यांच्याही हाती काही उरले नाही. त्यानंतरच खेळ नष्ट करणे थांबवा अशी मागणी करणारी आंतरराष्ट्रीय मोहीम उभी राहिली. कॅलिफोर्नियाने 2024 मध्ये कायदा करून अंकीय वस्तू विकणाऱ्यांना, ग्राहकाला मिळते ती मालकी नसून केवळ वापराचा परवाना आहे, हे स्पष्ट सांगणे बंधनकारक केले. या पार्श्वभूमीवर सदस्यत्व निदान प्रामाणिक ठरते, कारण ते मुदतीचे असल्याचे उघड सांगते आणि मालकीचा आभास निर्माण करत नाही.

मग स्वत्व नसणे हाच सदस्यत्वाचा गुण का मानू नये, असा प्रश्न येतो. जैन धर्मात महाव्रतांपैकी एक आणि योगशास्त्रात यमांपैकी एक म्हणून सांगितलेला अपरिग्रह, म्हणजे संग्रह न करणे, हा जर गुण असेल, तर काहीही मालकीचे न ठेवता केवळ अनुभव घेणारा खेळाडू अपरिग्रही म्हणावा लागेल. हा युक्तिवाद आकर्षक आहे पण टिकत नाही. योगसूत्रांवरील व्यासभाष्याने विषयांत पाच दोष पाहून त्यांचा अस्वीकार करण्यास अपरिग्रह म्हटले आहे: ते मिळवावे लागतात, राखावे लागतात, नाश पावतात, त्यांची आसक्ती जडते आणि त्यांपायी हिंसा घडते. सदस्यत्वाने यांपैकी राखण्याचा भार तेवढा कमी होतो. मिळवण्याचा भार मात्र कायमचा होतो, कारण तीच वस्तू दरमहा पुन्हा मिळवावी लागते. नाशाची भीती वाढते, कारण संग्रहातील खेळ कंपनीच्या निर्णयाने केव्हाही काढले जातात. आणि आसक्ती शेकडो विषयांत वाटली जाऊन अतृप्त राहते. वस्तू दुसऱ्याच्या कोठारात आणि तृष्णा स्वतःच्या मनात, या स्थितीला त्याग म्हणता येत नाही.

आता मूळ प्रश्न: खेळ कशासाठी? ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात ईश्वराने जग का निर्माण केले या प्रश्नाला लीला हे उत्तर दिले आहे, आणि त्यावरील भाष्यात शंकराचार्यांनी, ज्याच्या सर्व इच्छा पुऱ्या झाल्या आहेत असा राजा कोणत्याही प्रयोजनावाचून क्रीडाविहार करतो, तसे हे समजावे असे सांगितले आहे. ज्यामागे उणीव भरून काढण्याची गरज नसते, ती कृती लीला होय. डच इतिहासकार योहान हायझिंगा याने 1938 मधील होमो लुडेन्स या ग्रंथात वेगळ्या वाटेने असाच विचार मांडला: खेळ स्वेच्छेचा असतो, नेहमीच्या व्यवहारापासून अलग असतो आणि भौतिक लाभाशी त्याचा संबंध नसतो. या दोन्ही विचारांतून निघणारे तत्त्व असे की न खेळण्याचे स्वातंत्र्य हा खेळाचा प्राण आहे.

मुदतीचे शुल्क याच प्राणावर आघात करू शकते. मीमांसकांनी कर्मांचे तीन प्रकार केले आहेत: संध्यावंदनासारखे नित्य कर्म, जे न केल्यास प्रत्यवाय म्हणजे दोष लागतो, पुत्रजन्म किंवा ग्रहण अशा प्रसंगी करावयाचे नैमित्तिक कर्म, आणि विशिष्ट फळाची इच्छा असणाऱ्याने करावयाचे काम्य कर्म. खेळ स्वभावतः इच्छेच्या क्षेत्रातला आहे. तो केला नाही तर कोणताही दोष लागत नाही. आपोआप नूतनीकरण होणारे सदस्यत्व मात्र त्याला नित्य कर्माचे रूप देते. शुल्क भरले आहे, महिना संपत आला आहे आणि काही खेळून झाले नाही, हे लक्षात येताच न खेळणे हाच एक तोटा वाटू लागतो आणि मनुष्य तो टाळण्यासाठी खेळू लागतो. पूर्वपक्षाने मांडलेला तासाच्या दराचा हिशेब येथेच उलटतो: जितके अधिक खेळावे तितका दर उतरतो, म्हणून दर उतरवण्यासाठी अधिक खेळावे, असा त्याचा कल आहे, आणि हा कल स्वीकारणाऱ्याच्या हातून खेळ निसटून केवळ वसुली उरते. खर्च झालेल्या पैशाचा मोबदला काढण्यासाठी घालवलेला वेळ हा त्या पैशाहून मोठा खर्च असतो, कारण पैसा पुन्हा मिळवता येतो आणि आयुष्याचा गेलेला काळ मिळवता येत नाही.

तरीही प्रवेशाचे शुल्क सर्वस्वी त्याज्य ठरत नाही, आणि याचे कारण सोबतीच्या मूल्यात आहे. अॅरिस्टॉटलने निकोमाखीय नीतिशास्त्रात मैत्रीचे विवेचन संपवताना म्हटले आहे की माणसांना जीवनात जे सर्वाधिक प्रिय असते ते मित्रांच्या संगतीत करावेसे वाटते, म्हणून कोणी एकत्र मद्यपान करतात, कोणी फासे खेळतात, कोणी व्यायाम वा शिकार करतात आणि कोणी तत्त्वचिंतन करतात. सहवासावाचून मैत्री क्षीण होते आणि सहवासाला काही सामाईक कृतीचा आधार लागतो, हे त्याचे निरीक्षण आजही खरे आहे. पुण्यात राहणारा भाऊ आणि न्यू जर्सीत राहणारी बहीण यांना दूरध्वनीवर बोलण्याचे विषय संपतात, पण एकत्र खेळताना विषयाची गरज पडत नाही. 2020 च्या टाळेबंदीत घरात अडकलेल्या असंख्य मुलांना मित्रांचा सहवास याच मार्गाने मिळाला. एप्रिल 2010 मध्ये मायक्रोसॉफ्टने जुन्या एक्सबॉक्सवरील खेळांची ऑनलाइन सेवा बंद केली, तेव्हा हेलो 2 च्या काही खेळाडूंनी आपली यंत्रे बंदच केली नाहीत आणि जोडणी टिकवून मे महिन्यापर्यंत ते एकमेकांशी खेळत राहिले. नवा खेळ मिळवण्याची आशा त्यांत नव्हती. जमलेली मंडळी पांगू नये एवढीच इच्छा होती. त्यांच्या दृष्टीने प्रवेशाचे मोल कोणत्याही दरपत्रकात बसणारे नव्हते.

यावरून सिद्धान्त असा मांडता येतो. ज्या सदस्यत्वामुळे ओळखीच्या, जिव्हाळ्याच्या माणसांशी खेळणे शक्य होते, ते त्या माणसांना जोवर सवड व आवड आहे तोवर किमतीला पात्र ठरते, मग खेळण्याचे तास थोडे असोत वा अधिक. केवळ संग्रहाच्या विपुलतेसाठी घेतलेले सदस्यत्व, ठरावीक खेळ ठरावीक काळात खेळायचे असतील तर उपयुक्त असते. ते कधीतरी लागेल म्हणून चालू ठेवणे व्यर्थ आहे. दोन्ही बाबतींत सदस्यत्वाला नित्य कर्म न मानता नैमित्तिक कर्म मानावे: सुट्टी, नव्या खेळाचे आगमन, दूरच्या मित्राची मोकळी झालेली वेळ असे निमित्त असेल तेव्हा ते घ्यावे आणि निमित्त सरताच सोडावे. हिशेबही याला अनुकूल आहे, कारण 2023 च्या अमेरिकी दरांत प्लेस्टेशन प्लसच्या खालच्या स्तराचा एक महिना 9.99 डॉलरचा होता, म्हणजे आठ महिन्यांचे 79.92 डॉलर होतात आणि वर्षातील आठ किंवा त्याहून कमी महिने खेळणाऱ्याला वार्षिक सवलतीचा काहीच लाभ नाही. म्हणून आपोआप होणारे नूतनीकरण बंद ठेवणे हा या विषयातला पहिला विवेक होय, कारण त्यामुळे प्रत्येक वेळी निर्णय माणसाला स्वतः घ्यावा लागतो.

खेळाडूंच्या विवेकाने कंपन्यांचे कर्तव्य मात्र संपत नाही. संग्रहाचे भाडे त्यांनी जरूर घ्यावे, परंतु पूर्ण किंमत देऊन घेतलेल्या खेळात दुसऱ्या माणसाला भेटण्याचे दार पुन्हा विकणे हे न्यायाला धरून नाही, कारण त्या भेटीचे मूल्य भेटणारेच निर्माण करतात. या शुल्काचा भार सर्वांवर सारखा पडत नाही. ज्या घरात कन्सोल मोठ्या काटकसरीने आला आहे त्या घरातील मुलाला सवंगड्यांबाहेर ठेवण्याचे काम ते करते, आणि एकट्याने खेळावे लागणे ही लहान वयात लहान शिक्षा नसते. सवंगडी मिळणे ही खेळाची पूर्वअट आहे. ती विकत घेतलेल्या प्रत्येक खेळाबरोबर खेळणाऱ्याला मिळाली पाहिजे.